भेगाळलेल्या खडकातलं तेल आणि पॉलिमरचं द्रावण: प्रयोगशाळेत पडताळणी कशी करावी

गवंडी वीट लावण्याआधी ती पाण्याच्या हौदात टाकतो. टाकल्याबरोबर विटेतून बुडबुडे निघू लागतात. पाणी आत शिरतं आणि तेवढीच हवा बाहेर पडते. पंप नसतो, दाब नसतो. विटेतल्या बारीक छिद्रांना पाण्याची ओढ असते, एवढंच. भेगाळलेल्या चुनखडकातून तेल निघतं तेव्हा पुष्कळदा हेच घडत असतं. हवेच्या जागी तेल असतं आणि हौदाच्या जागी पाण्याने भरलेली भेग.

पेट्रोलियम शिकणारी मुलं मला एक प्रश्न नेहमी विचारतात: "राजस्थानात मंगला क्षेत्रात पॉलिमरने तेल वाढलं, चीनमध्ये दाचिंगला वाढलं, मग भेगाळ खडकात तेच का करू नये?" प्रश्न रास्त आहे. पण मंगला आणि दाचिंग हे दोन्ही वालुकाश्माचे साठे आहेत. मंगलाचा शोध २००४ मध्ये लागला, उत्पादन २००९ मध्ये सुरू झालं. तिथला खडक सैल, पाणी सहज जाऊ देणारा आणि तेल मेणचट, पाण्यापेक्षा बरंच दाट. तिथे अडचण अशी की पातळ पाणी दाट तेलाला ढकलण्याऐवजी त्यात फाटे फोडून पुढे पळतं. पाण्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, मिसळून ते दाट केलं की ते तेलामागे एका रांगेत चालतं.

भेगाळ खडकाची अडचण वेगळी आहे. तिथे तेल एका घरात आणि रस्ता दुसऱ्या घरात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खणणारे लोक झरे शोधतात, कारण सलग पाषाण कोरडा आणि पाणी सांध्यांत, भेगांत. मुंबई हायच्या तळाशी असलेल्या भेगाळ ग्रॅनाइट आणि बेसाल्टमध्येही तेल सापडलं आहे. त्या कठीण खडकात भेगच कोठार आणि भेगच रस्ता. भेगाळ चुनखडकात मात्र तेल साठतं भेगांमधल्या ठोकळ्यांच्या बारीक छिद्रांत, ज्याला आम्ही मॅट्रिक्स म्हणतो, आणि वाहतं मात्र भेगेतून. पाणी सोडलं की ते भेगेतून सरळ उत्पादन विहिरीकडे धावतं आणि ठोकळ्यातलं तेल जागच्या जागी राहतं. वॉरन आणि रूट यांनी १९६३ मध्ये या दोन घरांचं जे गणिती चित्र मांडलं, ते आजही वापरात आहे.

या खडकात पॉलिमर उपयोगी पडेल की उलट नुकसान करेल, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं ते इथे क्रमाने सांगतो.

आधी ठरवा: तेल बाहेर काढतंय कोण?

ठोकळ्यातून तेल बाहेर येण्याचे मार्ग तीन. पहिला, विटेसारखं आपोआप शोषण: पाणी केशाकर्षणाने आत, तेल बाहेर. दुसरा, गुरुत्व: पाणी जड, तेल हलकं, उंच ठोकळ्यात हा फरक काम करतो. तिसरा, ढकलणं: भेगेतून द्रव वाहताना दाब उतरत जातो आणि त्या उताराचा काही वाटा मॅट्रिक्समधूनही द्रव रेटतो.

पॉलिमर तिसऱ्या मार्गाला मदत करतं, कारण दाट द्रव भेगेतून नेताना दाबाचा उतार वाढतो. पण त्याच दाटपणामुळे पहिला मार्ग मंदावतो. म्हणून खडकाला पाणी जवळचं की तेल जवळचं, म्हणजे त्याच्या छिद्रांच्या भिंतींना काय चिकटून राहतं, हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवायचा. पाणी जवळचं असेल तर पाण्यालाच काम करू द्यावं. नॉर्वेच्या समुद्रातलं एकोफिस्क क्षेत्र याचं मोठं उदाहरण. १९६९ मध्ये सापडलेला हा भेगाळ चॉकचा, म्हणजे मऊ, बारीक कणांच्या चुनखडकाचा साठा. मॅट्रिक्सची पारगम्यता, म्हणजे द्रव जाऊ देण्याची क्षमता, फक्त काही मिलिडार्सी (डार्सी हे तिचं एकक). पाणी भेगांतून पळून जाईल अशी भीती होती, तरी १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं गेलं आणि चॉकने ते पाणी शोषून भरपूर तेल दिलं. तिथे पॉलिमरची गरज पडली नाही.

तेल जवळचं असलेल्या खडकात उलटं. केशाकर्षण तिथे पाण्याला आत घेत नाही, दारातच अडवतं. बहुतेक चुनखडकी साठे पूर्ण तेलाकडे किंवा अधलेमधले झुकलेले असतात. पॉलिमरला कामाची संधी मिळते ती इथे.

कागदावरचं गणित

प्रयोग मांडण्याआधी हे गणित करा. माझ्या अनुभवात निम्मे फसलेले प्रयोग इथेच टळू शकले असते.

समजा कोअर, म्हणजे खडकातून कापलेला दंडगोल, ३.८ सेंटिमीटर व्यासाचा, १० सेंटिमीटर लांब. लांबीच्या दिशेने मधोमध ०.१ मिलिमीटरची फट. मॅट्रिक्सची पारगम्यता १० मिलिडार्सी, सच्छिद्रता २५ टक्के. म्हणजे छिद्रांचं आकारमान साधारण २८ मिलिलिटर. त्यात २० टक्के पाणी धरलं तर तेल २२ ते २३ मिलिलिटर.

गुळगुळीत फटीची पारगम्यता म्हणजे जाडीचा वर्ग भागिले १२. ०.१ मिलिमीटरला हा आकडा सुमारे ८४४ डार्सी येतो. फट केसाएवढी असली, तरी छेदाचं क्षेत्रफळ धरून हिशेब केला तर ९९ टक्क्यांहून जास्त प्रवाह तिच्यातूनच जातो. भेगाळ साठ्याचं दुखणं एवढ्या एका आकड्यात आहे.

आता दाब. फटीतला दाबफरक = १२ × श्यानता (दाटपणा) × लांबी × प्रवाह ÷ (फटीची रुंदी × जाडीचा घन). मिनिटाला १ मिलिलिटर साधं पाणी सोडलं तर सुमारे ५२६ पास्कल येतात. त्या उताराने मॅट्रिक्समधलं ५ सेंटिपॉइजचं (पाणी साधारण १ सेंटिपॉइज) तेल तासाला जेमतेम ०.०४ मिलिलिटर सरकेल, म्हणजे दिवसाला एक मिलिलिटर. पाण्याचं रेटणं इतकं दुबळं असतं.

२० सेंटिपॉइजचं पॉलिमर द्रावण घेतलं तर दाबफरक वीसपट, सुमारे १०.५ किलोपास्कल, आणि तेल तासाला ०.८६ मिलिलिटर. आकडा लोभस आहे, पण चुकीचा आहे. पॉलिमरचं द्रावण जितक्या जोराने घासलं जातं तितकं पातळ होतं. पिशवीवर लिहिलेली किंवा श्यानतामापकाने दाखवलेली २० सेंटिपॉइज ही बहुतेक वेळा सेकंदाला ७.३ या कर्तन दराची, म्हणजे घासण्याच्या वेगाची असते. आपल्या फटीत कर्तन दर = ६ × प्रवाह ÷ (रुंदी × जाडीचा वर्ग), म्हणजे सेकंदाला साधारण २६०. घातनियमाचा घातांक ०.७ धरला तर तिथे तेच द्रावण जेमतेम ७ सेंटिपॉइजचं उरतं. दाबफरक ३.६ किलोपास्कल, तेल तासाला ०.३ मिलिलिटरच्या आत. दिवसाला सात मिलिलिटर तरीही मिळतं, म्हणजे पाण्याच्या कितीतरी पट. पण हिशेब वीसपटीवरून सातपटीवर आला.

आणि याच द्रावणाची दुसरी बाजू पाहा. मॅट्रिक्सच्या तोंडाच्या आत, बारीक छिद्रांत शोषण चालू असतं तिथे द्रव अगदी सावकाश सरकतो आणि घासणं फार कमी. तिथे पॉलिमर दाटच राहतं. म्हणजे रेटायला दाट हवं तिथे ते पातळ होतं आणि शिरायला पातळ हवं तिथे ते दाट असतं. भेगाळ खडकात पॉलिमरची सगळी गुंतागुंत या एका विसंगतीत आहे, आणि पुढचे सगळे प्रयोग ती मोजण्यासाठी आहेत. साठ्यात विहिरीपासून लांब भेगेतला वेग कमी होतो आणि दाटपणा काहीसा परत येतो, हा त्यातला दिलासा.

केशाकर्षणाचा आकडाही शेजारी लिहून ठेवा. एक मायक्रॉन त्रिज्येचं छिद्र, पाणी-तेल पृष्ठताण मीटरला ३० मिलिन्यूटन आणि पाणी पूर्ण जवळचं, तर केशदाब ६० किलोपास्कल. पॉलिमरचं रेटणं ३.६. पाणीप्रेमी खडकात शोषणापुढे रेटण्याची किंमत काय, ते यावरून कळतं.

खडक तयार करणं

शक्यतो साठ्यातलाच कोअर घ्या. नसेल तर इंडियाना चुनखडक किंवा डेन्मार्कचा चॉक चालतो, पण धुतलेला नवा चॉक पाणीप्रेमी असतो हे विसरू नका. त्याच्यावर मिळालेलं उत्तर तेलप्रेमी साठ्याला लावलं तर ते सरळ उलटं पडेल.

सॉक्सलेट उपकरणात आधी टोल्युइन, मग मिथेनॉल वापरून कोअर स्वच्छ करा. टोल्युइनची वाफ डोक्यात जाते, तेव्हा हे काम फ्यूम हूडमध्येच. वाळवून वजन घ्या, निर्वातात खाऱ्या पाण्याने भरा, पुन्हा वजन घ्या. फरकातून छिद्रांचं आकारमान मिळतं. मग तेलाने पाणी बाहेर ढकलून सुरुवातीचं पाणी ठरवा. तेलप्रेमी स्थिती हवी असेल तर साठ्याच्या तापमानाला त्याच क्षेत्राच्या कच्च्या तेलात कोअर काही आठवडे मुरू द्या. इथे घाई करू नका. दहा दिवसांत काढलेला आणि सहा आठवड्यांनी काढलेला कोअर वेगळं बोलतात.

मुरल्यावर जोडीचा एक कोअर अमॉट नळीत (वर जमलेलं तेल मोजायला खुणा असलेल्या काचेच्या भांड्यात) पाण्यात ठेवा आणि वर जमणारं तेल वेळेनुसार लिहा: पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, मग तासातासाने, मग रोज. कोअरला चिकटलेले तेलाचे थेंब नोंदीआधी हलक्या हाताने नळी हलवून सोडवा, नाहीतर आलेखात खोट्या पायऱ्या दिसतात. तेल भराभर निघालं तर खडक पाणीप्रेमी. आठवडाभर थेंबही आला नाही तर तेलप्रेमी किंवा अधलामधला.

फट पाडणं

हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने कोअर लांबीत कापा. दोन फाळक्यांमध्ये ठरलेल्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत बसवा आणि कोअर होल्डरमध्ये घाला. करवतीची फट गुळगुळीत असते, निसर्गातली खडबडीत. खडबडीत हवी असेल तर कोअर लांबीच्या बाजूने आडवा दाबून तडकवतात. दोन्हींचे फायदे वेगळे: गुळगुळीत फटीवर गणित तपासता येतं, खडबडीत फट खऱ्याच्या जवळ जाते. मी सुरुवात नेहमी गुळगुळीतने करतो.

पट्टी ०.१ मिलिमीटरची ठेवली म्हणून फट तेवढीच राहील असं समजू नका. बाहेरून दाब दिला की मऊ चॉक पट्टीभोवती दबतो. म्हणून दाब दिल्यावर फटीतून पाणी सोडून दाबफरक मोजा आणि वरचं सूत्र उलटं लावून खरी जाडी काढा. जाडीचा घन लागतो, तेव्हा जाडी दुप्पट निघाली तर सगळे दाब आठपट कमी पडतील.

पॉलिमर निवडणं

बाजारात मुख्य दोन घराणी. अंशतः जलविघटित पॉलिअॅक्रिलमाइड, ज्याला सगळे एचपॅम म्हणतात, आणि जिवाणूंपासून मिळणारा झँथन डिंक. एचपॅम स्वस्त आणि लवचीक, रेणुभार साधारण १ ते अडीच कोटी डाल्टन. पण खार आणि उष्णता त्याला मानवत नाही. झँथनचा रेणू ताठ, खारात टिकणारा, पंपात न तुटणारा. पण जिवाणू त्याला खातात, म्हणून जिवाणूनाशक लागतं.

तापमान आधी पाहा. साधारण ७० अंशांवर एचपॅमचं जलविघटन वेग घेतं, आणि पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते साका होऊन खाली बसतं. चुनखडकातल्या पाण्यात कॅल्शियम असणारच. त्याहून गरम साठ्याला एटीबीएस हा सल्फोनेट घटक जोडलेलं पॉलिमर घ्यावं. कोणतंही घ्या, बंद काचेच्या कुप्यांत नायट्रोजनखाली साठ्याच्या तापमानाला निदान तीन महिने ठेवून श्यानता किती उरते ते पाहा. प्रवाहाचा प्रयोग दोन दिवसांचा आणि साठ्यातला प्रवास वर्षांचा; हा फरक कुप्याच दाखवतात.

दुसरी गोष्ट आकाराची. जड एचपॅमचं गुंडाळलेलं रूप मायक्रॉनच्या काही दशांशांएवढं, आणि चॉकच्या छिद्रांची तोंडं बहुधा एका मायक्रॉनच्याही आत. म्हणजे पॉलिमर आत जाणारच नाही. पाणी आत गाळलं जाईल आणि दुधावर साय धरावी तसा पॉलिमरचा थर भिंतीवर बसेल. ती साय शोषणाचं दार अडवते. मॅट्रिक्स घट्ट असेल तर तीस ते ऐंशी लाख डाल्टनचं हलकं पॉलिमरही यादीत ठेवा.

द्रावण बनवणं

पिठलं करताना बेसन एकदम टाकलं तर गाठी होतात. पॉलिमरचंही तसंच. दाणा बाहेरून फुगतो, आत कोरडा राहतो, आणि ती गाठ दिवसभर ढवळूनही सुटत नाही. चिमटीचिमटीने सोडणं ही स्वयंपाकघरातली शिस्त इथे जशीच्या तशी लागते.

खारं पाणी बनवताना कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट वेगवेगळं विरघळवा, मग एकत्र करा. एकदम टाकलं तर साका बसतो. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा.

मूळ द्रावण ५,००० पीपीएमचं करू. पुडीत साधारण १० टक्के ओल असते, म्हणून ९० टक्के सक्रिय धरून एक किलो द्रावणाला ५.५६ ग्रॅम पूड. पाण्यात स्टरर असा लावा की भोवऱ्याचं टोक भांड्याच्या तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत जाईल. पूड भोवऱ्याच्या खांद्यावर अर्ध्या मिनिटात, एकसारखी पेरा. द्रावण दाटू लागलं की स्टरर हळू करा, मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे, आणि झाकून रात्रभर राहू द्या. जोरात ढवळत ठेवलं तर लांब साखळ्या तुटतात. मिक्सरला तर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी ३०० ग्रॅम मूळ द्रावण आणि ७०० ग्रॅम खारं पाणी मिसळलं की १,५०० पीपीएमचं द्रावण तयार. वापरण्याआधी नायट्रोजन सोडून त्यातला ऑक्सिजन काढा. ऑक्सिजन आणि लोह एकत्र आले की पॉलिमरच्या साखळ्या भराभर तुटतात. म्हणून साध्या लोखंडाची नळी किंवा गंजका जोड कुठेही नको. एकदा एका गंजलेल्या फेरूलमुळे, म्हणजे नळीच्या जोडातल्या कडीमुळे, आमचा आठवड्याचा प्रयोग वाया गेला. द्रावण आत गेलं तेव्हा दाट होतं आणि बाहेर आलं ते जवळजवळ पाणी. दोन दिवस आम्ही खडकाला दोष देत होतो.

गाळणी आणि श्यानता

द्रावण १.२ मायक्रॉनच्या पडद्यातून २ बार दाबाने गाळा. २०० ते ३०० मिलिलिटरला लागलेला वेळ भागिले १०० ते २०० मिलिलिटरला लागलेला वेळ, हे गाळण गुणोत्तर. १.२ च्या आत असावं. जास्त आलं तर गाठी राहिल्यात. ते द्रावण कोअरमध्ये सोडू नका, कारण तुम्ही साठ्याचं नाही, गाठींनी बुजलेल्या छिद्रांचं मोजमाप कराल.

श्यानता एका वेगाला मोजून थांबू नका. सेकंदाला १ ते १,००० अशा कर्तन दरांवर, साठ्याच्या तापमानाला मोजा. फटीचा दर आणि मॅट्रिक्सचा दर दोन्ही त्या आलेखावर खूण करून ठेवा. वरचं गणित आता खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा.

प्रयोगांचा क्रम

मुख्य प्रयोगाकडे उडी मारण्याचा मोह होतो. तो आवरा. एकाच जातीच्या, एकसारख्या मुरवलेल्या कोअरवर पुढचे प्रयोग करावेत.

अमॉट नळीत एक कोअर साध्या खाऱ्या पाण्यात, दुसरा पॉलिमर द्रावणात. दोन्हींतल्या फरकातून शोषणाचं नुकसान कळतं.

मग फटीचा कोअर. आधी साधं पाणी, मिनिटाला १ मिलिलिटर, तेल येणं थांबेपर्यंत. त्यानंतर त्याच कोअरमधून त्याच दराने पॉलिमर. नव्या कोअरवर सुरुवातीपासूनच पॉलिमर. हे दोन प्रयोग वेगवेगळे आहेत: पहिला सांगतो की पाण्याने न निघालेलं तेल पॉलिमर काढतं का, दुसरा सांगतो की पाण्याने जे निघालं असतं ते पॉलिमर अडवतं का. बरेच जण फक्त पहिला करतात आणि पॉलिमर नेहमीच चांगलं ठरतं, कारण नुकसान दिसायला जागाच उरत नाही.

एक प्रयोग फार कमी लोक करतात, पण मला तो सगळ्यांत बोलका वाटतो: ग्लिसरीन आणि पाण्याचं असं मिश्रण जे फटीच्या कर्तन दराला पॉलिमर द्रावणाइतकंच दाट असेल. ग्लिसरीनचे रेणू छोटे, ते मॅट्रिक्समध्ये सहज शिरतात आणि साय धरत नाहीत. ग्लिसरीनने जास्त तेल आलं आणि पॉलिमरने कमी, तर दोष दाटपणाचा नाही, भिंतीवरच्या सायीचा. मग हलक्या रेणुभाराचं पॉलिमर घेऊन पुन्हा पाहा.

शेवटी प्रवाहाचा दर एक-दशांशावर आणा आणि काही तास थांबा. दर कमी केल्यावर तेल येणं बंद झालं तर जे येत होतं ते रेटण्यामुळे. चालूच राहिलं तर शोषणामुळे.

प्रत्येक प्रयोगात दाबफरक, बाहेर आलेलं तेल, आणि बाहेर आलेल्या द्रावणाची श्यानता व पॉलिमरचं प्रमाण नोंदवा. संपल्यावर कोअर उघडून फाळके पाहा. भिंतीवर बोट फिरवलं की साय हाताला लागते, आणि आडवा काप घेतला की तेलाचा डाग कुठपर्यंत मागे हटला ते डोळ्यांना दिसतं. कोणत्याही आलेखाइतकंच ते खात्रीचं आहे.

आकडे वाचताना

सर्वांत मोठी चूक रिकाम्या जागांची. फटीचं आकारमान सुमारे ०.४ मिलिलिटर, टोकाच्या झाकणांत आणि नळ्यांत आणखी २ मिलिलिटर धरा. सुरुवातीला तिथे तेल असेल तर ते पहिल्या मिनिटाला बाहेर येतं आणि मॅट्रिक्समधून आलं असं मोजलं जातं. एकूण २२ मिलिलिटर तेलात हे २.४ मिलिलिटर म्हणजे ११ टक्के. पॉलिमरचा फायदा म्हणून छापण्याइतका मोठा आकडा. म्हणून रिकामी जागा आधी मोजा आणि वजा करा.

दुसरी चूक उताराची. आपल्या प्रयोगात ३.६ किलोपास्कल फक्त १० सेंटिमीटरवर उतरतात, म्हणजे मीटरला ३६. साठ्यात दोन विहिरी ५०० मीटर अंतरावर आणि दाबफरक ५० बार धरला तर मीटरला १० किलोपास्कल, आणि भेगा सलग असतील तर त्याहूनही कमी. प्रयोगशाळेत पॉलिमर नेहमी जास्त बलवान दिसतं. निष्कर्ष लिहिताना प्रवाहाचा दर नाही, मीटरमागचा उतार लिहा.

फटीची दिशाही नोंदवा. उभ्या फटीत गुरुत्व वेगळं काम करतं, आडव्या फटीत वेगळं.

कोअरवरून साठ्याकडे

शोषणाचा वेळ ठोकळ्याच्या लांबीच्या वर्गाने वाढतो. हे मॅटॅक्स आणि काइट यांनी १९६२ मध्ये दाखवलं. पुढे मा, मॉरो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यात पाणी आणि तेल दोन्हींची श्यानता वर्गमुळाने घातली. आपला ३.८ सेंटिमीटरचा कोअर १० दिवसांत शोषून झाला असेल तर तशाच आकाराच्या एक मीटरच्या ठोकळ्याला साधारण ६९० पट वेळ, म्हणजे १९ वर्षं. पाण्याच्या जागी मॅट्रिक्समध्ये वीसपट दाट द्रव शिरला तर वीसचं वर्गमूळ, साडेचार पट: ८५ वर्षं. तेलक्षेत्राचं आयुष्य एवढं नसतं. पाणीप्रेमी चॉकमध्ये पॉलिमर आंधळेपणाने सोडण्याला मी विरोध करतो तो या आकड्यामुळे. ही ढोबळ मोजणी आहे, पॉलिमर गाळलं गेलं तर आत शिरणारा द्रव पातळच असेल. पण मग साय आहेच.

तेलप्रेमी खडक, मॅट्रिक्स काही दहा ते शंभर मिलिडार्सींची, भेगा केसासारख्या आणि तेल मध्यम दाट: इथे पॉलिमरचं रेटणं कामाला येतं. आधी खडकाची ओढ बदलणारं सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) आणि त्यामागे पॉलिमर, ही जोडी अशा ठिकाणी तपासण्यासारखी असते. सोडताना दाबावर नजर ठेवा. दाट द्रवाने विहिरीच्या तळाचा दाब वाढला तर नव्या भेगा उघडतात आणि पाण्याला आणखी एक पळवाट मिळते.

भेग रुंद असेल तर

फट एक मिलिमीटरची झाली की दाबफरक ०.१ मिलिमीटरच्या तुलनेत हजारपट कमी. मग पॉलिमर कितीही दाट करा, उपयोग नाही. तिथे जेल लागतं: एचपॅमच्या साखळ्या क्रोमियम(३) अॅसिटेटने एकमेकींना बांधलेलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत वायोमिंगच्या बिग हॉर्न खोऱ्यातल्या भेगाळ साठ्यांत असे जेल वापरले गेले. प्रयोगशाळेत सुरुवातीला ०.५ टक्के एचपॅम आणि त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढं क्रोमियम अॅसिटेट घ्या. हातमोजे आणि चष्मा लावूनच.

बांधलेलं जेल खडकाच्या छिद्रांत शिरत नाही, भेगेतच पुढे सरकतं. सरकण्यासाठी एक किमान दाबउतार लागतो, आणि भेगेची जाडी अर्धी झाली की तो चौपट होतो. म्हणून जेल रुंद भेगा आधी भरतं, जे आपल्याला हवंच आहे. सरकताना त्यातलं पाणी भिंतींतून मॅट्रिक्समध्ये निघून जातं आणि मागे राहिलेलं जेल घट्ट होतं. न्यू मेक्सिकोत रँडी सेराइट यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

गवंडी वीट भिजवतो त्याचं खरं कारण इथे कामी येतं. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. पाणीप्रेमी मॅट्रिक्समध्ये तेल शिल्लक असेल तर तीही भेगेतल्या जेलमधलं पाणी शोषून घेते; जेल आकसतं आणि भेग पुन्हा वाहू लागते. हे तपासायला जेलचा एक वजन केलेला ठोकळा नुसत्या तेलात ठेवा, आणि तेवढाच दुसरा त्याच तेलात बुडवलेल्या, तेलाने भरलेल्या कोअरच्या तुकड्याला चिकटवून ठेवा. रोज दोन्हींचं वजन घ्या. कोअरला लागून असलेल्या ठोकळ्याचं वजन दोन-तीन दिवसांत लक्षणीय उतरलं, तर त्या साठ्यात आधी पाणी सोडून मॅट्रिक्सची तहान भागवा आणि जेल त्यानंतर सोडा.